फांदी हवी, पण सोललेली

दिवाळी तोंडावर आली की आपण घर वरपासून खालपर्यंत झाडून काढतो. पंख्याची पाती पुसली जातात, फ्रीज पुढे ओढून मागची जळमटं काढली जातात, गराजमध्ये तीन वर्षं न उघडलेले खोके एकदाचे उघडले जातात. एवढं सगळं झालं की मागच्या अंगणात जा आणि खुराड्यात डोकं घाला. कोंबड्या आणि अंडी राहू द्या. रात्री त्या ज्या दांडीवर बसतात, ती दांडी नीट बघा. या लेखात मला बोलायचं आहे ते तिच्याबद्दलच.

टार्निटमध्ये आपल्या मंडळींकडे कोंबड्या दिसायला लागल्याला आता काही वर्षं झाली. कुणी मुलांसाठी आणल्या, कुणी गावाहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांना विरंगुळा म्हणून. २०२४ च्या मे महिन्यात गीलाँगच्या पलीकडे मेरेडिथजवळ पोल्ट्री फार्मवर बर्ड फ्लू सापडला, पुढे सुपरमार्केटात अंड्यांच्या खोक्यांवर माणशी मर्यादा आली, आणि तेव्हापासून ‘आपणही दोन-चार ठेवाव्यात का?’ ही चौकशी पंगतीत हमखास ऐकू येते. चांगलंच आहे. किती कोंबड्या चालतात, कोंबडा चालतो का, कुंपणापासून किती अंतर हवं, हे कौन्सिलचे नियम आधी वाचा. मग खुराडं तयार मिळतं, रविवारी दुपारी जोडून होतं. जाळी, छप्पर, अंडी घालायचा खण, दारावर मुलीने रंगवलेली पाटी, सगळ्यावर चर्चा होते. बसायला आडवं काय लावायचं हा प्रश्न मात्र शेवटी उरतो आणि हाताला लागेल त्या काठीने सुटतो.

हा प्रश्न पहिला असायला हवा, असं माझं म्हणणं आहे. त्याला साधा हिशेब आहे. जूनमध्ये मेलबर्नचा सगळ्यात लहान दिवस जेमतेम साडेनऊ तासांचा असतो. म्हणजे रात्र साडेचौदा तासांची. कोंबडी अंधार पडता पडता दांडीवर चढते आणि उजाडल्यावर उतरते. रत्नागिरीत वर्षातली सगळ्यात मोठी रात्रसुद्धा तेरा तासांच्या आतच संपते. इथल्या हिवाळ्यात मात्र तुमची कोंबडी चोवीसातले चौदा तास एका काठीवर काढते. आपण गादी घेताना दुकानात आडवं पडून बघतो. तिच्या गादीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

कोंबडीच्या पायाची रचना मोठी मजेशीर आहे. ती गुडघे मोडून बसली की पायातून बोटांपर्यंत गेलेल्या शिरा आपोआप ताणल्या जातात, बोटं वळतात आणि पकड बसते. म्हणून ती झोपेत पडत नाही. पण ही पकड नीट बसायला दांडी पुरेशी जाड लागते. तयार खुराड्यांबरोबर बहुतेक वेळा गोल, गुळगुळीत, बारीक दांडके येतात. माझ्या मते तो खुराड्यातला सगळ्यात वाईट भाग. दांडी बारीक असली की सगळं वजन तळव्याच्या एकाच जागी आणि छातीच्या हाडावर येतं. गुळगुळीत असली की कोंबडी रात्रभर तोल सावरत राहते. तळव्याला आधी घट्टा पडतो, मग खरचटतं, त्यात जंतू शिरले की गळू होतं. इथले लोक त्याला बंबलफूट म्हणतात. कोंबडी लंगडायला लागली की आपण काटा शोधतो. दुखणं दांडीने दिलेलं असतं.

जाडी किती हवी? चार ते पाच सेंटिमीटर. स्वयंपाकघरातल्या मापात सांगायचं तर लाटण्यापेक्षा जाड आणि मुसळापेक्षा बारीक. लांबीचा हिशेब युरोपीय संघाने १९९९ मध्येच कायद्यात लिहून ठेवला आहे: एका कोंबडीमागे किमान १५ सेंटिमीटर. तो कारखानदारांसाठीचा किमान आकडा आहे, तुम्ही-आम्ही हात सैल सोडायला हरकत नाही. चार कोंबड्यांना मीटरभर दांडी द्या. त्या तरीही एका टोकाला चिकटूनच बसतील, ती गोष्ट वेगळी.

आता फांदी. झाडाची खरीखुरी फांदी लावावी, या मताचा मी आहे, आणि त्यात गावाकडच्या आठवणींचा हात आहे हे नाकारत नाही. पण आठवणी बाजूला ठेवल्या तरी फांदी जिंकते. यंत्रावर कातलेल्या दांडीची जाडी टोकापासून टोकापर्यंत एकच असते. फांदी कुठे साडेतीन सेंटिमीटर असते, कुठे पाच, कुठे किंचित वळलेली, कुठे चपटी. कोंबडी आपल्या पायाला सोयीची जागा निवडते, उद्या दुसरी निवडते, आणि तळव्यावरचा भार रोज त्याच ठिपक्यावर येत नाही. शिवाय ती फुकट मिळते. सुतारकाम जाणणारे काही मित्र म्हणतात, रुंद चौकोनी लाकूड कडा घासून लावलं तर तेही उत्तम, आणि पुसायला सोपं. त्यांचं बरोबर आहे. ज्यांच्या अंगणात झाड नाही त्यांनी खुशाल तेच करावं. माझा वाद बारीक गुळगुळीत दांडक्याशी आहे.

आणि दुसरा वाद आहे तो आपल्याच माणसांशी, जे फांदी तोडतात आणि आहे तशी, सालीसकट, खुराड्यात ठोकून देतात. ‘गावी कुणी साल काढत बसलं नव्हतं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचं उत्तर सविस्तर देतो.

गावी फांदी झाडावर होती. कोकणात म्हणा, वाड्या-पाड्यांवर म्हणा, संध्याकाळी कोंबड्या आंब्याफणसाच्या खालच्या फांद्यांवर चढून बसलेल्या अनेकांनी पाहिल्या असतील. त्यात नवल नाही. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा. तो झाडावर झोपतो, आणि सह्याद्रीतला त्याचा भाऊबंद, करडा रानकोंबडाही झाडावर किंवा बांबूच्या बेटात. तिथे उघडं आकाश, ऊन, वारा, पाऊस, मुंग्या, आणि आज ही फांदी तर उद्या ती. बाकीच्या कोंबड्या खुराड्यात किंवा डालग्याखाली कोंडल्या जायच्या. त्या खुराड्याला सणासुदीला चुना लागायचा, त्यात चुलीतली राख पडायची. म्हणजे साल कुणी काढत नसेल, पण सालीखाली जे लपतं त्याचा बंदोबस्त सगळे करत होते. आपण इथे त्यातली फांदी तेवढी उचलली. ऊन, चुना, राख आणि मुंग्या तिकडेच राहिल्या.

सालीखाली लपतो तो लाल माइट. कोळी आणि गोचीड यांच्या कुळातला, खसखशीच्या दाण्याहून मोठा नाही. दिवसा तो कोंबडीच्या अंगावर सापडत नाही, म्हणून आपण फसतो. दिवसभर तो दांडीच्या भेगांत, सांध्यांत आणि सालीखाली असतो. अंधार पडला की बाहेर येतो, बसलेल्या कोंबडीच्या पायांवरून वर चढतो, रक्त पितो आणि उजाडायच्या आत परत. उपाशी असताना करडा, प्यायल्यावर लाल. उबदार हवेत त्याची अंड्यापासून पूर्ण वाढ आठवड्याभरात होते, आणि कोंबडी नसलेल्या रिकाम्या खुराड्यातही तो महिनोन् महिने तग धरतो. सुट्टीत कोंबड्या शेजाऱ्यांकडे ठेवून भारतात जाऊन आलात, तरी परत येईपर्यंत तो तुमची वाट बघत असेल.

लक्षणं साधी आहेत. तुरा फिका पडतो, अंडी कमी होतात, आणि आतापर्यंत शहाण्यासारखी संध्याकाळी आत जाणारी कोंबडी दाराशी घुटमळायला लागते. तिला ओढून आत कोंडू नका. ती काहीतरी सांगत असते.

इथेच दिवाळीचा संबंध येतो. आपली दिवाळी इथे वसंतात येते. हवा तापायला लागते, माइटची पैदास वाढते. पण त्याच दिवसांत झाडात रस चढलेला असतो, आणि ताज्या तोडलेल्या फांदीची साल केळ्यासारखी नाही तरी बऱ्यापैकी सहज सुटते. तीच फांदी वाळली की साल लाकडाला चिकटून बसते आणि मग विळीवर नारळ खवल्यासारखं खरवडत बसावं लागतं. म्हणून फांदी तोडली त्याच दिवशी सोला. गाठी आणि फुटव्यांची टोकं पॉलिश पेपरने घासा, खोल भेग असेल तर ती फांदी टाकून द्या. मग पंधरा दिवस उन्हात. पूर्ण गुळगुळीत करू नका. पकडीपुरता खरखरीतपणा राहू दे.

फांदी आणायची कुठून, हा टार्निटमध्ये गमतीचा प्रश्न आहे. २०१६ च्या जनगणनेत इथे चौतीस हजार माणसं होती, २०२१ मध्ये छप्पन हजार. माणसं वाढली, घरं वाढली, झाडं अजून दोन खुंट्यांना बांधलेली आहेत. आणि हे माळरानच होतं. ज्वालामुखीच्या लाव्ह्याचं काळं पठार, दख्खनसारखंच, वर गवत. मोठी जुनी झाडं नदी-ओढ्याच्या काठाने तेवढी. म्हणून मग शनिवारी सकाळी वेरिबी नदीच्या काठी फिरायला गेलेले आपले लोक येताना गाडीच्या डिकीत छानशी वाळलेली गमची फांदी घेऊन येतात. पडलेलीच तर होती, कुणाची होती?

ती कुणाची तरी होती. राखीव जागेतलं, रस्त्याकडेचं किंवा नदीकाठचं लाकूड परवानगीशिवाय उचलणं बेकायदेशीर आहे, ही एक गोष्ट. दुसरी जास्त महत्त्वाची: पडलेल्या लाकडाखाली सरडे, बेडूक, किडे राहतात, पाण्यात पडलेल्या ओंडक्यांच्या आडोशाला मासे. व्हिक्टोरियाच्या १९८८ च्या वन्यजीव कायद्याखाली ओढ्या-नद्यांतून लाकूड काढून नेणं हे निसर्गाला धोका असलेल्या गोष्टींच्या यादीत अधिकृतपणे घातलेलं आहे. आपल्या कोंबडीची सोय करताना दुसऱ्याचं घर मोडायचं कारण नाही, विशेषतः जेव्हा मंडळातल्या निम्म्या लोकांच्या अंगणात प्लम, सफरचंद, जर्दाळू किंवा तुती छाटली जाते आणि हिरव्या झाकणाच्या बिनमध्ये जाते. मागा. ‘छाटलेली फांदी आहे का, मनगटाएवढी?’ हे विचारायला लाजू नका. जुन्या भागात, हॉपर्स क्रॉसिंगकडे किंवा वेरिबीत, राहणाऱ्यांकडे मोठी झाडं आहेत आणि ते आनंदाने देतात.

दोन लाकडं मात्र अजिबात नकोत. पहिलं कण्हेर. देवाला फुलं मिळावीत म्हणून आपल्यापैकी अनेकांनी ती हौसेने लावली आहे, आणि इथे ती रस्त्याच्या कडेलाही माजते. ती मुळापासून पानापर्यंत विषारी आहे, आणि कोंबडी बसल्या जागी टोच मारल्याशिवाय राहत नाही. दुसरं हिरवट झाक असलेलं ट्रीटेड पाइन. आजूबाजूला घरं उठत असतात, कुंपणाचे खांब कापलेले तुकडे पडलेले असतात, सरळ आणि मजबूत असतात, मोह होतो. पण त्यातल्या जुन्या पद्धतीच्या लाकडात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक मुरवलेलं असतं. २००६ पासून ऑस्ट्रेलियात नवीन डेक, कठडे आणि मुलांची खेळणी यांसाठी ते वापरायला बंदी आहे. मुलांच्या झोपाळ्याला नको असलेलं लाकूड ज्या कोंबडीची अंडी मुलं खातात तिच्या पायाखाली कशाला?

फांदी बसवताना खिळे ठोकू नका. हे वाक्य मला ठळक अक्षरात छापून हवं होतं, पण संपादकांना तसलं आवडत नाही. दोन्ही बाजूंना खाचेचे लाकडी ठोकळे लावा आणि फांदी त्यात नुसती ठेवा, पाळण्याच्या आडव्या बारेसारखी. ती उचलता आली पाहिजे, कारण सोललेल्या फांदीलाही दोन टोकं असतात आणि माइट त्या टोकांशी, ठोकळ्याच्या खाचेत जमतो. महिन्यातून एकदा, उन्हाळ्यात दोनदा, फांदी बाहेर काढून तिच्यावर उकळतं पाणी ओता आणि उन्हात ठेवा. टोकांना थोडं खाण्याचं तेल चोपडलं तर वर चढणारे तिथेच चिकटतात. भिंतीच्या फटींना चुना द्या, आजीची पद्धत इथेही चालते. एवढ्याने भागलं नाही आणि औषध आणावं लागलं, तर अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी ते मान्य आहे का आणि किती दिवस अंडी खायची नाहीत, हे डब्यावर वाचल्याशिवाय झाकण उघडू नका.

उंचीबद्दल आपल्या डोक्यात गावठी कोंबडी असते. दीड किलोची, वर्षाला साठ-सत्तर अंडी देणारी, कौलावर उडून बसणारी. तुमच्या अंगणातली आयसा ब्राउन ती नव्हे. ती दोन किलोची आहे, वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते, आणि प्रत्येक कवचाला लागणारं दोनेक ग्रॅम कॅल्शियम काही अंशी स्वतःच्या हाडांतून काढते. तिची हाडं ठिसूळ असतात. तिला पाच फुटांवर चढवलं तर चढेल, कारण सगळ्यात उंच जागी झोपायची ओढ रक्तातच आहे, पण सकाळी उडी मारताना पाय किंवा छातीचं हाड दुखावून घेईल. गुडघ्याएवढी उंची पुरे. अंडी घालायचा खण त्याच्याही खाली ठेवा, नाहीतर सगळ्या त्यातच झोपतील आणि तुम्हाला रोज माखलेली अंडी मिळतील. दोन फांद्या लावणार असाल तर एका उंचीवर लावा. खाली-वर लावल्या तर वरच्या फांदीसाठी रोज भांडण, आणि खालच्या फांदीवर कोण बसतं आणि तिच्या डोक्यावर काय पडतं, हे सांगायला नको. आणि छपराच्या पत्र्यापासून दांडी लांब ठेवा. २००९ च्या फेब्रुवारीत मेलबर्नने ४६.४ अंश पाहिले आहेत. तशा दिवशी पत्र्याखाली रात्री दहालाही भट्टी असते.

काही जण विचारतात, मग गावासारखं बाहेरच झाडावर झोपू द्यावं का? नको. इथे कोल्हा आहे. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात शिकारीच्या हौसेपायी तो आणला, आणि आणणाऱ्यांत आपल्या शेजारच्या वेरिबी पार्कच्या चर्नसाइड घराण्याचं नाव घेतलं जातं. कोंबडी पहाटे खाली उतरते तेव्हा तो कुंपणापाशी असतो. शिवाय बर्ड फ्लूच्या काळात बाधित भागांत घरच्या चार कोंबड्याही आतच ठेवायचा हुकूम निघाला होता. पुन्हा निघू शकतो. म्हणून झाड आत आणायचं, कोंबडी बाहेर न्यायची नाही.

हा लेख आई किंवा बाबा तुम्हाला वाचून दाखवत असतील, तर आता मी तुमच्याशी बोलतोय, इथे जन्मलेल्यांशी. खुराड्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम तुमचं आहे आणि त्याला फक्त एक टॉर्च आणि एक पांढरा टिश्यू लागतो. आठवड्यातून एकदा, पूर्ण अंधार पडून तासभर झाल्यावर, हळूच जा. कोंबड्या अंधारात जवळजवळ आंधळ्या असतात, गोंगाट करू नका. टॉर्च दांडीच्या खालच्या बाजूला मारा आणि टिश्यू तिथून एकदा फिरवा. टिश्यूवर लाल रेघ उठली तर ते रक्त आहे, तुमच्याच कोंबडीचं. आईबाबांना उठवा. आजोबा इथे आले असतील तर त्यांना बरोबर न्या. त्यांना बहुधा तुमच्यापेक्षा लवकर दिसेल काय चाललंय ते, आणि खुडूक, तलंग, डालगं हे शब्द त्यांच्याकडूनच मिळतील. मंडळाच्या मराठी वर्गात ते शिकवत नाहीत.

आणि फटाके. व्हिक्टोरियात परवान्याशिवाय फटाके उडवणं बेकायदेशीर आहे हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि दिवाळीच्या रात्री टार्निटमध्ये काय ऐकू येतं हेही. अंधारात दचकलेली कोंबडी दांडीवरून आंधळेपणाने उडते आणि जाळीवर आपटते. फांदी कितीही चांगली सोललेली असली तरी त्याला इलाज नाही. शेजाऱ्यांना आधी सांगून बघा. मी दरवर्षी चकली घेऊन जातो आणि सांगतो, निम्मे ऐकतात.

या मोसमात माझ्याकडे प्लमच्या दोन फांद्या सोलून, वाळवून जादा उरल्या आहेत. मीटरभर लांब, लाटण्याहून जाड. ज्यांना हव्या असतील त्यांनी फराळाच्या दिवशी मला हॉलच्या दाराशी गाठावं. ठोकळे मात्र तुमचे तुम्ही करा.